कुंडीतली कीड आणि लेबल नसलेली बाटली

गेल्या उन्हाळ्याच्या आरंभी एका संध्याकाळी ७८ वर्षांच्या एका गृहस्थांना त्यांचा मुलगा आणि सून रिक्षातून माझ्या दवाखान्यात घेऊन आले. दुपारपासून दोन उलट्या, तीन जुलाब, अंगाला दरदरून घाम आणि तोंडाला सतत लाळ. गृहस्थ मधुमेही. साखर उतरली असावी, या समजुतीने सूनबाईंनी घरीच साखरपाणी दिले होते. परंतु मी तपासली तेव्हा साखर १६० होती. छाती भरून आल्यासारखी वाटत होती आणि नाडी मिनिटाला ४८ पडत होती. हा हृदयविकार असेल की अन्नाची बाधा, अशा दोन विचारांत मी काही मिनिटे घालवली, हे मला प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तेवढ्यात मुलगा सहज बोलून गेला, "आज दिवसभर आईच्या झाडांमागे होते, डॉक्टर. कसलेसे औषध मारत होते." मी बॅटरीचा उजेड त्यांच्या डोळ्यांवर टाकला. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

पुढचा उलगडा हळूहळू झाला. या गृहस्थांच्या पत्नी दोन वर्षांपूर्वी निवर्तल्या. त्यांनी हौसेने लावलेल्या लहान कुंड्या गॅलरीत होत्या: जेड, कोरफड, पानफुटी, गुलाबाच्या फुलासारखी पाने असलेली एचेवेरिया. त्यांतल्या जेडच्या पानांच्या बेचक्यांत पांढरा कापूस दिसू लागला आणि पाने गळू लागली. पत्नीचे झाड डोळ्यांदेखत जाते आहे, हे त्यांना सहन होईना. ओळखीच्या कोणीतरी शेतावरचे कीटकनाशक शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून आणून दिले. शेजाऱ्यांना वास नको म्हणून या भल्या गृहस्थांनी गॅलरीच्या काचा लावून घेतल्या, औषध पाण्यात कालवले आणि त्यात फडके बुडवून, उघड्या हातांनी, एकेक पान पुसून काढले. तीन तास ते विष त्यांच्या श्वासातून आणि कातडीतून शरीरात जात होते.

ते ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकाच्या विषबाधेचे चित्र होते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावली. रुग्णालयात प्राणवायू आणि अ‍ॅट्रोपिन सुरू झाले आणि नवव्या दिवशी ते घरी परतले. मात्र रुग्णालयातील डॉक्टरांनी सर्वप्रथम विचारलेल्या "औषध कोणते?" या प्रश्नाला कोणापाशीच उत्तर नव्हते. बाटलीवर लेबल नव्हते.

आपल्यापैकी अनेकांच्या खिडकीत अशी मांसल पानांची झाडे असतात. बाजारात त्यांना सक्युलंट म्हणतात. ती थोड्या पाण्यावर जगतात, आठवडाभर विसरलो तरी रुसत नाहीत आणि लहान जागेत मावतात. उतारवयात जोपासण्यास याहून सोयीची झाडे क्वचितच. म्हणूनच त्यांच्यावरील किडीचा बंदोबस्त घरातील माणसाच्या जिवाला न लावता कसा करावा, हा मी आरोग्याचाच विषय मानतो.

कीड ओळखावी कशी

सर्वांत नेहमी आढळणारी कीड म्हणजे पिठ्या ढेकूण. नावात ढेकूण असला तरी तो माणसाला चावत नाही आणि आपल्याला कोणताही रोग देत नाही. तो झाडाचा रस शोषतो. अंगावर मेणाचे पांढरे आवरण असल्याने तो कापसाच्या कणासारखा दिसतो. पाने जिथे खोडाला जुळतात त्या बेचक्यांत, पानांच्या खालच्या बाजूस आणि कोवळ्या शेंड्यांत तो दडून बसतो. मादी कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालते. शोषलेल्या रसातील गोड भाग ही कीड चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकते. त्यावर मुंग्या येतात आणि पुढे काजळीसारखी काळी बुरशी धरते. कुंडीवर मुंग्यांची रांग चढताना दिसली तर समजावे की वर कोठेतरी पिठ्या ढेकूण, मावा किंवा खवले कीड आहे. मुंग्या या किडीचे रक्षणही करतात.

दुसरी खवले कीड. खोडावर किंवा पानावर तपकिरी, चपटे, न हलणारे ठिपके दिसतात आणि नखाने खरवडले की निघतात. तिसरा मावा. तो बहुधा फुलांच्या दांड्यावर थव्याने बसतो. चौथा लाल कोळी. हा खरे तर कीटक नव्हे, आठ पायांचा कोळ्याचा भाऊबंद. उष्ण व कोरड्या हवेत तो वाढतो, पाने निस्तेज आणि बारीक ठिपकेदार होतात व अगदी पातळ जाळे दिसते. पानाखाली पांढरा कागद धरून पान हलकेच झटकावे आणि वर्तमानपत्र वाचण्याचे भिंग घेऊन पाहावे. कागदावरील ठिपके चालू लागले तर तो कोळी होय. मातीवर बारीक काळी चिलटे उडत असतील, तर ती माती सतत ओली राहत असल्याची खूण आहे.

प्रत्येक पांढरा ठिपका मात्र कीड नसतो. कोवळ्या कोरफडीच्या पानावरील पांढरे डाग जन्मजात असतात. जड पाण्याचे क्षार पानावर साठले तरी पांढरा थर दिसतो. एचेवेरियाच्या पानांवरील निळसर पांढरी भुकटी हे तिचे स्वतःचे संरक्षण असते, ती पुसू नये. पाने मऊ, पिवळी आणि पाणी भरल्यासारखी झाली असतील, तर दोष बहुधा अतिरिक्त पाण्याचा. अशा वेळी कीटकनाशक मारणे म्हणजे पाय मुरगळला असता खोकल्याचे औषध घेणे.

ती येते कशामुळे

बहुतेक वेळा नव्या रोपाबरोबर. म्हणून नवे झाड आणले की ते दोन ते तीन आठवडे इतर झाडांपासून दूर ठेवावे आणि मगच रांगेत बसवावे. नत्रयुक्त खत अधिक झाले की झाडाची वाढ कोवळी आणि लुसलुशीत होते व ती रस शोषणाऱ्या किडीला आवडते. उजेड कमी, हवा कोंडलेली आणि पाने धुळीने माखलेली असली तरी झाड अशक्त होते. पाण्याचा नियम सोपा आहे: बोट दोन पेरे मातीत घालावे, कोरडी लागली तरच पाणी द्यावे. पावसाळ्यात हवा दमट असल्याने पाणी आणखी कमी लागते.

उपचार: काडी, स्पिरिट आणि चिकाटी

कीड दिसताच ती कुंडी इतरांपासून वेगळी करावी. त्यानंतर कापसाच्या काड्या घ्याव्यात. या काड्या कानात घालू नका, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. त्यांचा खरा उपयोग येथे आहे. औषधांच्या दुकानात मिळणारे सर्जिकल स्पिरिट किंवा ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल एका झाकणात थोडेसे घ्यावे, काडी त्यात बुडवावी आणि प्रत्येक पांढऱ्या कणाला टेकवावी. मेणाचे आवरण विरते आणि आतला किडा मरतो. खवले किडीलाही हाच उपाय. मेलेली खवले नंतर जुन्या दातांच्या ब्रशने हळुवार काढावी. आधी एका पानावर करून पाहावे आणि दोन दिवसांनी डाग पडला नाही तर पुढे जावे. हे काम संध्याकाळी, उन्हाबाहेर आणि खिडक्या उघड्या ठेवून करावे. स्पिरिट पेट घेते. देवघरातील निरांजन, उदबत्ती, गॅसची शेगडी आणि विडी-सिगारेट यांपासून ते दूर असावे आणि काम संपताच झाकण घट्ट लावावे.

कीड पुष्कळ असेल तर मोरीत किंवा न्हाणीघरात कुंडी आडवी धरून पाण्याच्या जोरदार धारेने ती धुऊन काढावी. लाल कोळी आणि मावा यांना ही धारच पुष्कळ वेळा पुरते. माव्याने भरलेला फुलांचा दांडा सरळ कापून टाकावा. त्यानंतर एक लिटर पाण्यात भांडी घासण्याच्या सौम्य द्रवरूप साबणाचा चहाचा एक चमचा मिसळून फवारावे आणि काही वेळाने साध्या पाण्याने धुवावे. कपड्यांची पावडर वापरू नये, पाने करपतात. निंबोळी तेल वापरायचे असल्यास लिटरभर पाण्यात ५ मिलीलिटर तेल आणि ते पाण्यात मिसळावे म्हणून साबणाचे काही थेंब, एवढे प्रमाण पुरे. निंबोळी तेल नैसर्गिक असले तरी पोटात घेण्याचे नव्हे. लहान मुलांना ते पाजल्याने झटके आणि बेशुद्धी आल्याच्या घटना वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेल्या आहेत. ती बाटली नातवंडांच्या हाती लागू देऊ नये.

झाडाच्या वरच्या भागावर कीड नसूनही ते खंगत असेल तर मुळे पाहावीत. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या बाजूस पांढरी भुकटी दिसली तर पिठ्या ढेकूण मुळांना लागला आहे. सगळी माती काढून टाकावी, मुळे धुवावीत, सडलेली कापावीत, झाड तीन-चार दिवस सावलीत उघडे सुकवावे आणि कुंडी गरम पाण्याने धुऊन कोरड्या, नव्या मातीत लावावे. लावल्यानंतर आठवडाभर पाणी देऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. एका दिवसात कीड जात नाही. मेणाच्या पिशवीतील अंडी वाचतात आणि काही दिवसांनी त्यांतून पिल्ले बाहेर पडतात. म्हणून दर सात दिवसांनी, असे निदान चार आठवडे, हाच उपचार पुन्हा करावा. ताप उतरताच प्रतिजैविकाच्या उरलेल्या गोळ्या डब्यात टाकून देणारे रुग्ण मला रोज भेटतात. झाडांच्या बाबतीतही हीच चूक होते आणि मग "साधे उपाय चालत नाहीत, कडक औषध हवे" असे म्हटले जाते. आपल्या गोळ्यांच्या वेळापत्रकाशेजारी भिंतीवर चार रविवारांना खुणा करून ठेवाव्यात.

जे घरात आणू नये

शेतीसाठी बनवलेले कीटकनाशक मोकळ्या रानात, पूर्ण कपडे, हातमोजे आणि मुखपट्टी घालून वापरण्याचे असते. बंद गॅलरीत त्याचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. आपल्या देशात कीटकनाशकाच्या वेष्टनावर शंकरपाळ्याच्या आकाराचे चिन्ह असते. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषारीपणा सांगतो: लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम आणि हिरवा सर्वांत कमी. हिरवा याचा अर्थ निरुपद्रवी असा नाही. लाल आणि पिवळ्या चिन्हाच्या वस्तूला घराच्या उंबरठ्याच्या आत स्थान नाही.

शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतलेले कोणतेही रसायन स्वीकारू नये, कितीही जवळच्या माणसाने दिले तरी. रात्री चष्म्याविना पाण्याची बाटली चाचपणारे आजोबा, स्मृतिभ्रंश झालेल्या आजी आणि उन्हातून खेळून आलेले मूल, या तिघांसाठी ती बाटली सारखीच घातक. अशी बाटली आज घरात असेल तर ती मोरीत ओतू नये. घट्ट बांधून, त्यावर ठळक अक्षरांत "विष" असे लिहून, कचरा नेणाऱ्या कर्मचाऱ्यास सांगून वेगळी द्यावी.

तंबाखूचे पाणी हा जुना घरगुती उपाय मला अनेक जण सुचवतात. त्यातील निकोटिन कातडीतून शरीरात शिरते आणि मळमळ, घाम व धडधड निर्माण करते. हृदयविकाराच्या रुग्णाने त्याच्या वाटेस जाऊ नये.

आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. काही कीटकनाशके मुळांतून शोषली जाऊन झाडाच्या रसात पसरतात. ती धुऊन जात नाहीत. आपल्याकडे कोरफडीचा गर चेहऱ्याला लावतात, काही जण पोटातही घेतात आणि पानफुटीची पाने मूतखड्यासाठी चावणारेही आहेत. ज्या झाडाला कोणतेही रासायनिक औषध दिले असेल, त्याचा असा वापर मुळीच करू नये.

काही झालेच तर

फवारणीनंतर काही तासांत घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, उलटी, जुलाब, धूसर दिसणे, स्नायू थरथरणे, छाती आवळल्यासारखी वाटणे किंवा श्वास लागणे, यांपैकी लक्षणे दिसली तर थांबून पाहू नये. रुग्णाला मोकळ्या हवेत आणावे. मदत करणाऱ्याने हातमोजे घालून त्याचे कपडे उतरवावेत आणि त्वचा, केस व नखे साबण-पाण्याने धुवावीत. डोळ्यांत गेले असल्यास वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावे. पोटात गेले असल्यास उलटी करवू नये. मिठाचे पाणी, दूध किंवा तूप पाजू नये. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर झोपवावे आणि १०८ ला दूरध्वनी करावा. औषधाची बाटली, लेबलासकट, पिशवीत बांधून बरोबर न्यावी.

शुश्रूषा करणाऱ्यांना माझी विशेष विनंती आहे. ज्येष्ठांची अशी लक्षणे साखर उतरल्यासारखी, अन्नबाधेसारखी किंवा हृदयविकारासारखी भासतात. डॉक्टरांना "आज घरात किंवा झाडांवर कोणते औषध मारले होते" हे न विचारताच सांगावे. स्मृतिभ्रंशासाठी डोनेपेझिल किंवा रिव्हास्टिग्मिन घेणाऱ्यांबाबत अधिक सावध राहावे, कारण ही औषधे, मोजक्या मात्रेत, शरीरातील त्याच विकरावर काम करतात ज्याला ऑर्गॅनोफॉस्फेट रोखते. दम्याच्या रुग्णाला तर साध्या डासांच्या फवाऱ्यानेही धाप लागू शकते.

झाडांबरोबर स्वतःसही जपावे

शेर आणि निवडुंगासारख्या झाडांचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर तीव्र दाह होतो आणि बुबुळाला इजा पोहोचू शकते. ही झाडे हाताळताना चष्मा व हातमोजे घालावेत आणि चीक गेलाच तर डोळा लगेच भरपूर पाण्याने धुऊन नेत्रतज्ज्ञांकडे जावे. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असते, पायात मोडलेला काटा कळतही नाही. गॅलरीत अनवाणी जाऊ नये आणि रात्री तळपाय पाहावेत. काटा खोल रुतल्यास धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे.

कुंड्या कमरेच्या उंचीच्या मांडणीवर ठेवाव्यात आणि काम खुर्चीवर बसून करावे. उकिडवे बसून एकदम उठल्यास, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना, डोळ्यांपुढे अंधारी येते. ओल्या फरशीवर पडून मोडलेले खुब्याचे हाड कोणत्याही किडीपेक्षा महागात पडते. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. झाडाची मुळे सडतात आणि डेंग्यूचा डास त्याच पाण्यात आठ-दहा दिवसांत वाढतो. आठवड्यातून एक दिवस ताटल्या घासून कोरड्या कराव्यात.

आणि एखादे झाड कीड लागून पार खंगलेच, तर ते टाकून द्यावे. हे सांगणे सोपे आहे, करणे कठीण, याची मला कल्पना आहे.

ते गृहस्थ महिन्याभराने रक्तदाब दाखवण्यास आले, तेव्हा याच प्रश्नावर अडले होते. औषधाने पुसलेल्या कुंड्या मुलाने हातमोजे घालून बांधून हलवल्या होत्या. मोठे जेडही त्यातच गेले होते. "तिच्या हातचे तेवढेच उरले होते," एवढेच ते म्हणाले. मी विचारले, तिने कोणाला कधी रोप दिले होते काय. त्यांना थोडा वेळ आठवेना. मग आठवले, स्वयंपाकघराच्या खिडकीत त्याच झाडाची एक फांदी तिने लहान डब्यात खोचली होती. ती फवारणीच्या दिवशी गॅलरीत नव्हती. तिच्यावरही पाच-सहा पांढरे कण होते. पुढचे चार रविवार ते आणि त्यांची नात भिंग, काडी आणि स्पिरिट घेऊन खिडकीशी बसले.

जेडची फांदी किंवा निरोगी पान चार दिवस सावलीत सुकवून कोरड्या मातीवर ठेवले तर त्यालाही मुळे फुटतात. त्यांनी मला तशी एक फांदी कागदात गुंडाळून आणून दिली. आता ती माझ्या दवाखान्याच्या खिडकीत आहे. सकाळी पहिला रुग्ण आत येण्यापूर्वी मी तिची पाने उलटून पाहतो. दोन मिनिटे लागतात. आपणही उद्या सकाळी चहाच्या कपाबरोबर चष्मा लावून आपल्या कुंड्यांची पाने उलटून पाहावीत. कीड थोडी असतानाच दिसली, तर कापसाची काडी पुरते.